मशीन काठावर दोरीला उठतं, पाण्याच्या मधोमध मरतं: आउटबोर्डची तपासणी टाकीच्या झाकणापासून

पहाटे काठावर दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला मशीन उठतं. धूर सोडतं, मागून पाण्याची धार पडते, आवाजही ठीक असतो. होडी जाळ्यांच्या रोखाने अर्धा-पाऊण किलोमीटर जाते आणि मशीन घरघरून बसतं. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा उठतं, पुन्हा तेवढंच चालतं. उजनीचा फुगवटा असो, नाथसागर असो की कोयनेचा शिवसागर, धरणावर चालणाऱ्या ८ ते १५ हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डची, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेल्या मशीनची, सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच.

यात हमखास होणारी चूक म्हणजे हुड (मशीनवरचं झाकण) काढून थेट कार्ब्युरेटरला हात घालणं. डुलत्या होडीत कार्ब्युरेटर उघडला की एखादा जेट (पेट्रोलचं माप ठरवणारा बारीक भोकाचा स्क्रू) किंवा फ्लोटची पिन पाण्यात जाते, आणि दोष बहुतेक वेळा हुडाच्या बाहेरच असतो. टाकीपासून मशीनपर्यंतच्या दोन मीटर पाइपात. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या चार तपासण्यांना पाना लागत नाही.

आधी बघा, मशीन मेलं कसं

अर्धं निदान इथेच होतं. पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा कान आणि डोळा उघडा ठेवा.

हळूहळू मेलं, म्हणजे रेस वरखाली झाली, खोकलं, दम सोडला आणि बसलं, तर पेट्रोल पोचत नाही.

बटण दाबल्यासारखं एका क्षणात गप झालं, तर ठिणगी गेली. त्यातही अर्ध्या तासाने थंड झाल्यावर आपोआप सुरू होत असेल, तर कॉइल किंवा सीडीआय, म्हणजे ठिणगी तयार करणारे भाग, तापल्यावर मरतायत असा संशय धरा.

आधी जोर कमी झाला, हुडाखालून करपल्याचा वास आला, मागून पडणारी, मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली किंवा थांबली, आणि बंद पडल्यावर दोरी जड लागते, तर मशीन तापलंय. अशा वेळी दोरी ओढत बसू नका आणि वरून गार पाणीही ओतू नका. तापलेल्या हेडला तडा जाऊ शकतो.

मशीन बंद पडत नाही, उलट रेस चढते पण होडी पुढे सरकत नाही, तर दोष पंख्याचा (प्रोपेलरचा). एकतर पिन तुटली, नाहीतर पंख्याच्या आतलं रबरी बुश सुटलं. पिन काठावर बदलता येते, बुश सुटलं तर पंखा बदलायचा. त्याचा पुढच्या तपासणीशी संबंध नाही.

१. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू

टाकीच्या झाकणावर हवेसाठी छोटा स्क्रू असतो. नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि उघडायचा राहून जातो. मशीन पेट्रोल ओढतं, तेवढी हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि पाच-दहा मिनिटांत पंप हरतो. थांबल्यावर हवा हळूहळू आत शिरते, म्हणून मशीन पुन्हा उठतं. तक्रार अगदी तंतोतंत जुळते ती इथे.

बंद पडल्या पडल्या झाकण सैल करा. 'सुस्स' आवाज आला किंवा आत चेपलेला डबा फुगून सरळ झाला, की दोष सापडला. स्क्रू उघडा असूनही आवाज येत असेल तर भोकात माती किंवा कुंभारमाशीचं घर आहे, बारीक तारेने मोकळं करा. २-५ हॉर्सपॉवरच्या छोट्या मशीनला टाकी वरच असते. तिथेही झाकणाचा स्क्रू आणि शेजारचा पेट्रोलचा कॉक, दोन्ही बघायचे.

तेलाच्या पाच लिटरच्या कॅनला भोक पाडून त्यात पाइप सोडणारे बरेच आहेत. पाइप गच्च बसतो आणि हवेला वाट राहत नाही. असा डबा वापरायचाच तर झाकणाला दुसरं भोक हवं. खरं म्हणजे वापरूच नये. उन्हात वाफ धरतो आणि होडी कलली की सांडतो.

२. फुगा काय सांगतो

पाइपातला रबरी फुगा पेट्रोल चढवण्यासाठी आहेच, पण तपासणीचं सगळ्यात स्वस्त साधनही तोच. त्याच्यावरचा बाण मशीनच्या दिशेला हवा. दाबताना बाण वर येईल असा फुगा उभा धरा, नाहीतर आतल्या झडपा नीट बसत नाहीत. आठ-दहा दाबांत तो कडक झाला पाहिजे.

आता मशीन चालू ठेवून, दम सोडायला लागेल तेव्हा जोडीदाराला फुग्याकडे बघायला सांगा.

फुगा चपटा होऊन आत ओढला गेला, तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. झाकणाचा स्क्रू, टाकीतली जाळी, किंवा फळीखाली दबलेला पाइप.

फुगा कडक होतच नाही, तर कुठूनतरी हवा ओढली जातेय किंवा फुग्याची झडप गेली.

मशीन बसत असताना फुगा हाताने दाबत राहिलं आणि मशीन सावरलं, तर ते पेट्रोलला उपाशी आहे एवढं नक्की. हवा ओढणारा जोड किंवा पंपाचा पडदा, या दोनपैकी एक.

फुगा कडक आहे, दाबूनही फरक नाही, पण चोक अर्धा ओढला की सावरतं, तर मुख्य जेट तुंबलाय. फुगा आणि चोक दोन्हींनी काहीच फरक पडत नसेल तर पेट्रोलचा नाद सोडा आणि सरळ ठिणगीकडे जा.

३. पाइप, क्लिपा आणि ओ-रिंग

टाकीच्या आणि मशीनच्या बाजूच्या कपलिंगमध्ये एकेक छोटी ओ-रिंग असते. ती कापली किंवा सुकली की पेट्रोल बाहेर गळतंच असं नाही, पण हवा आत जाते. पेट्रोलचा वास नाही म्हणजे जोड ठीक, असं समजून इथेच फसतात. कपलिंग काढून ओ-रिंगवर नख फिरवा. चीर लागली की बदला. दोन जादा ओ-रिंगा खिशात असू द्या.

पाइप बाइंडिंग वायरने आवळलेला असेल तर ती तार आजच काढा. तार एका रेषेत रबर कापते आणि दोन ठिकाणी सैल राहते. स्टीलची स्क्रूवाली क्लिप लावा.

हवा कुठून येते हे डोळ्याने बघायचं असेल तर फुगा आणि मशीनच्या मध्ये फूटभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा आणि काठावर मशीन चालवा. बुडबुडे दिसले तर हवा त्या पाइपाच्या मागून येते. मागचा एकेक जोड हाताने दाबून धरा, बुडबुडे ज्या जोडाला थांबतील तो दोषी. तपासणी झाली की हा पाइप काढा. असा पारदर्शक पाइप पेट्रोलने महिन्या-दोन महिन्यांत कडक होतो आणि तडकतो.

एक दोष मात्र बाहेरून अजिबात दिसत नाही. जुन्या पाइपाचं आतलं अस्तर सुटतं आणि जिभेसारखं लोंबतं. हळू चालताना पेट्रोल बाजूने जातं. रेस दिली की ओढ वाढते, ती जीभ भोकावर बसते आणि मशीन मरतं. पाइपाचं टोक बोटभर कापून उजेडात आत बघा. अस्तर पापुद्र्यासारखं सुटलेलं दिसलं, किंवा आतून काळी शाई बोटाला लागली, तर पूर्ण पाइप फुग्यासकट बदला. तुकडे जोडू नका, प्रत्येक जोड म्हणजे हवेला नवी वाट.

४. पेट्रोल फाटलंय का

ही तपासणी पूर्वी चौथ्या नंबरला नव्हती. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून ती वर सरकली. बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. धरणावर रात्रभर उघड्यावर पडलेल्या अर्ध्या रिकाम्या टाकीत आतल्या बाजूने दव धरतं, ते पाणीही त्यात मिसळतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दूध नासावं तसं पेट्रोल फाटतं आणि पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो. इथेनॉल जास्त असेल तर पेट्रोल उशिरा फाटतं, पण फाटलं की हा थर मोठा असतो. टाकीतला पाइप ओढतो तळाचंच.

टू-स्ट्रोकला यात दुहेरी मार आहे. मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, खालच्या थरात जात नाही. म्हणजे मशीन जे ओढतं त्यात जाळायला धड काही नाही आणि वंगण तर नाहीच. अशा पेट्रोलवर रेटून चालवलेल्या मशीनचा पिस्टन चिकटतो. बंद पडलं तर ते वाचलं म्हणायचं.

बघायचं कसं: फुग्याच्या मशीनकडच्या टोकाला काचेची स्वच्छ बाटली लावा, फुगा दाबून पाव लिटर पेट्रोल काढा आणि पंधरा मिनिटं सावलीत स्थिर ठेवा. जवळ विडी-काडी नको. मध्ये रेषा दिसली, खाली गढूळ किंवा वेगळ्या रंगाचा थर दिसला, की टाकी पूर्ण रिकामी करायची. हलवून पुन्हा मिसळत नाही, आणि वरून ताजं पेट्रोल ओतून भागत नाही. टाकी थोड्या ताज्या पेट्रोलने खंगाळा, वाळवा, मग भरा.

मिश्रण ५०ला १ असेल तर एका लिटरला २० मिली तेल, पाच लिटरला १००. अंदाजाने झाकणं ओतू नका, मापाची बाटली ठेवा. जुन्या मॉडेलला किंवा नव्या मशीनच्या पहिल्या तासांना जास्त तेल लागतं, ते मॅन्युअलप्रमाणे. तेल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचं घ्या. मोटरसायकलचं टू-टी तेल वेगळ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. त्याच्या राखेने प्लग आणि पोर्ट भरत जातात. मिश्रण तीन-चार आठवड्यांत संपेल एवढंच करा.

५. हुडाखालचा फिल्टर आणि प्लग

इथून पुढचं सगळं काठावर. ही तपासणी मशीन थंड असताना, बंद करायच्या बटणात अडकवलेली सुरक्षा-तारेची क्लिप काढून.

फिल्टरचा छोटा पारदर्शक कप हाताने फिरवून निघतो. आत तांबूस कचरा असेल तर टाकी गंजतेय. पाण्याचे गोल थेंब असतील तर मागच्या तपासणीत काहीतरी नजरेतून सुटलं. जाळी पेट्रोलमध्ये धुवा, कपाची ओ-रिंग पुन्हा नीट बसवा.

प्लग काढून दोन्ही शेजारी ठेवा. बिस्किटाच्या रंगाचा प्लग निरोगी. काळा आणि ओला म्हणजे तो सिलिंडर पेटत नाही किंवा तेल-पेट्रोल जास्त. पांढरा, टोकावर फोड आलेला म्हणजे मशीन उपाशी चालतंय किंवा तापतंय. असा प्लग दिसला तर नवा टाकून निघू नका, आधी कारण शोधा. दोन प्लगांत फरक असेल तर दोष एकाच सिलिंडरचा आहे. गॅप मॉडेलप्रमाणे ०.६ ते १.० मिमी, फीलर गेजने मोजून. नवा प्लग हाताने बसेपर्यंत फिरवा आणि मग पान्याने अर्धा फेरा. जुनाच परत लावत असाल तर जेमतेम बारावा हिस्सा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर काम महागात पडतं.

६. ठिणगी

ही तपासणी मशीन मेल्यावर लगेच करायची, कारण थंड झाल्यावर कॉइल गोड वागते. म्हणून आधी काठाला दोरीने बांधून, तोंड मोकळ्या पाण्याकडे न ठेवता, मशीन बंद पडेपर्यंत चालवा. प्लग वायरला जोडून धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब. त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते. जोडीदाराने दोरी ओढली की निळी, टणक ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, अधूनमधून येणारी ठिणगी म्हणजे कमजोर.

ठिणगी अजिबात नसेल तर कॉइलला दोष देण्याआधी बंद करायच्या बटणाची वायर तिच्या जोडातून सुटी करून बघा. या छोट्या मशीनमध्ये ते बटण ठिणगी बॉडीला शॉर्ट करूनच मशीन बंद करतं. आत ओल गेली, वायरचं आवरण घासलं, की चालत्या मशीनला ते आपणहून बंद करतं. वायर सुटी केल्यावर ठिणगी आली तर बटण बदला. वायर सुटी ठेवून पाण्यात जाऊ नका. माणूस पडला तर मशीन थांबवायला काही राहत नाही. चाचणीपुरतं थांबवायचं तर चोक पूर्ण ओढा.

७. धार आणि इंपेलर

तापून बंद पडणाऱ्या मशीनसाठी. मागच्या धारेच्या भोकात आधी नायलॉनचा जाड धागा घालून बघा, गाळाने तेच भोक बुजलेलं असतं आणि आत पाणी व्यवस्थित फिरत असतं. मग पाणी ओढायच्या जाळीवर जलपर्णीची मुळं किंवा प्लास्टिक अडकलंय का ते बघा. उजनीचा साठा उन्हाळ्यात उणे टक्क्यांत जातो, पाणी मागे सरतं आणि भिगवणच्या बाजूला कमरेएवढ्या पाण्याखाली गाळच गाळ असतो. तिथे पंखा चिखल उडवतो, पाण्याचा पंप तो ओढतो आणि इंपेलरच्या, म्हणजे त्या पंपातल्या रबरी चाकाच्या, पात्या हंगामात झिजतात. उथळ पाण्यात मशीन उचला आणि वल्हं मारा.

संशय असेल तर बंद केल्यावर लगेच हेडवर पाण्याचे दोन थेंब टाका. चरचरून उडून गेले तर नक्की तापलंय.

इंपेलर वर्षातून एकदा बदलावा, धार दिसत असली तरी. खालचं गिअर युनिट चार-पाच बोल्टांवर उतरतं, पण गिअरचा रॉड आधी सोडावा लागतो आणि बसवताना तो जुळवावा लागतो. एकदा कोणाकडून तरी समोर बघून मगच स्वतः करा. पात्या सगळ्या एकाच दिशेला वाकल्या पाहिजेत. बसवताना साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट त्याच्या चालण्याच्या दिशेनेच फिरवत इंपेलर खाली सारा. तुटलेल्या पातीचा तुकडा सापडला नाही तर तो पाण्याच्या वाटेत वर गेलाय. तो काढल्याशिवाय नवा इंपेलर घालून उपयोग नाही. नंतरची चाचणी २०० लिटरच्या ड्रममध्ये, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर. कोरडं मशीन 'फक्त दोन सेकंद' चालवूनसुद्धा रबर भाजतं.

८. पंप आणि कार्ब्युरेटर

पेट्रोल पंपाचा पडदा क्रँककेसच्या दाबावर हलतो. त्याला टाचणीएवढं भोक पडलं की दोन गोष्टी होतात: पेट्रोल कमी चढतं आणि उरलेलं त्या भोकातून थेट क्रँककेसमध्ये जातं. म्हणून फुगा दाबून सावरणारं, पण एक प्लग कायम ओला ठेवणारं मशीन दिसलं की पडद्याचा किट मागवा. पडदे आणि गॅसकेट ज्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा, उलटे बसले तर पंप चालत नाही.

कार्ब्युरेटरच्या बाउलखाली एक ड्रेन स्क्रू असतो. सगळं उघडण्याआधी तो सोडून थेंब वाटीत घ्या. हिरवट चिकट पदार्थ किंवा पाणी निघालं तर उघडावंच लागेल. हळू चालतं पण रेस दिल्यावर मरतं, तर मुख्य जेट. रेसवर चालतं पण हळू राहत नाही, तर पायलट जेट. जेट क्लीनर स्प्रे आणि तांब्याच्या वायरच्या एका केसाने साफ करा. स्टीलच्या टाचणीने भोक मोठं होतं आणि पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. पायलट स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजा आणि परत तेवढाच सोडा.

फोर-स्ट्रोकचे पायलट जेट याहून बारीक असतात आणि जुन्या पेट्रोलने आधी तेच तुंबतात. नवं घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, पण ५० किलोच्या आसपास भरतं. टू-स्ट्रोक ३५-४० किलोचं, रोज खांद्यावर घरी नेता येतं. जे मशीन आठवड्यातून एकदाच चालणार, त्याला कार्ब्युरेटर रिकामा करायची सवय आधी लावा: पाइप काढा आणि आतलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, पाण्यातच.

इथे थांबा, मिस्त्री बोलवा

दोरी हलत नसेल तर लटकून ओढू नका, पिस्टन चिकटलाय. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये (आतल्या दाबात) १५ पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल, तर कितीही जेट धुवा, फायदा नाही. ठिणगीचा दोष बटणाच्या पुढे, फ्लायव्हीलखाली गेला असेल तर तिथे पुलर लागतो; हातोडीने फ्लायव्हील काढणारे क्रँकशाफ्ट वाकवतात. नवा इंपेलर घालूनही तापत असेल, किंवा गिअर ऑइल चहासारखं दुधाळ निघत असेल, तर आतली पाण्याची वाट आणि सील तपासायला लागतील. दुधाळ तेलाचं कारण बहुतेक पंख्यामागे शाफ्टला गुंडाळलेला जाळ्याचा धागा असतो, त्याने सील कापलेलं असतं. इंजेक्शनवाल्या मशीनची पेट्रोल लाइन घरी उघडायचीच नाही, तिथे दाब जास्त असतो.

मिस्त्रीला फक्त 'चालत नाही' सांगून मशीन देऊ नका. चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहून द्या: किती मिनिटांनी मेलं, हळूहळू की एकदम, त्या वेळी फुगा चपटा होता की कडक, चोकने सावरलं का, आणि मेल्या मेल्या ठिणगी होती का. काढलेले प्लग न पुसता, कोणता वरच्या सिलिंडरचा ते लिहून, सोबत द्या.